भाग ४१ : ‘घसा तर क्लिअर आहे!’

हेडफोन लावून लाँचमध्ये बसला असाल, एसटीत दांडा धरून उभे असाल, नाहीतर दिवे मालवून पडल्या पडल्या ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे अख्खा भाग लिहून इथे टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘अं... म्हणजे...’ तेवढे काढलेत.

आज ॲप नाही, गॅजेट नाही, नोकरी बदलायच्या टिप्स नाहीत. आज मी माझ्या बाबांच्या घशाबद्दल बोलणार आहे. त्यांना विचारून. ते म्हणाले, "सांग की. पण रडगाणं नको." म्हणून रडगाणं नाही. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. लोणेऱ्याहून बीटेक केलेला साधा सॉफ्टवेअरवाला आहे. हे ऐकून स्वतःचं निदान करू नका. डॉक्टरकडे कधी जायचं आणि तिथे काय विचारायचं, एवढंच घेऊन जा.

जुन्या श्रोत्यांना आपला मिनिडोरवाल्यांचा भाग आठवत असेल. डिसेंबर २०२१ मध्ये केला होता. त्यात सुरुवातीला अलिबागच्या स्टँडवरचा जो खणखणीत आवाज आहे ना, "चौल, रेवदंडा, रेवदंडाऽऽ", तो माझ्या बाबांचा. वीस वर्षांहून जास्त झाली त्यांना अलिबाग–रेवदंडा मिनिडोर चालवून. स्टँडवर एकदा हाक मारली की बाजारातून पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका लांबूनच हात करायच्या. गुरुवारच्या भजनात पहिली चाल तेच धरायचे. म्हणजे आवाज हा त्यांचा धंदाही होता आणि हौसही.

२०२२ च्या गणपतीत त्यांचा आवाज बसला. आता कोकणात गणपतीत कुणाचा आवाज बसत नाही? रात्र-रात्र भजनं, आरत्या, वर थंड सरबत. अनंत चतुर्दशीनंतर सगळ्यांचे आवाज परत आले, बाबांचा काही आला नाही. "उतरेल रे," म्हणाले. गोळ्या झाल्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ॲसिडिटीचं औषध झालं. प्रत्येक वेळी आठवडाभर थोडं बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

२०२३ च्या श्रावणात आम्ही कनकेश्वराला गेलो. दरवर्षी माझ्या पुढे चढणारा माणूस त्या वर्षी चार-पाच वेळा पायरीवर बसला. मग दमा म्हणून पंप सुरू झाला. कुणी म्हणालं धूळ, कुणी म्हणालं डिझेलचा धूर. एका ठिकाणी तर "तंबाखू सोडा" असंही सांगितलं. बाबा आयुष्यात तंबाखूला शिवलेले नाहीत. ते नुसते हसले.

आणि मधे एकदा दुर्बीण घालून घसाही बघून झाला होता, बरं का. रिपोर्टवर एक ओळ होती, नॉर्मल. बाबा खूश. घरी येऊन आईला म्हणाले, "घसा तर क्लिअर आहे!" आम्हीही खूश. त्या एका वाक्यावर आम्ही पुढचे कितीतरी महिने काढले.

आता गंमत बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी जुन्या भागांतले निवडक तुकडे एकत्र करत होतो. मिनिडोरच्या भागाला जोडायला बाबांकडून चाळीस सेकंदांचं नवं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. एडिटिंगला बसलो. कानात हेडफोन, स्क्रीनवर दोन फाइली, एकाखाली एक. वरची २०२१ ची, खालची आजची. वरच्या फाइलमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागा सपाट, शांत. खालच्या फाइलमध्ये त्याच जागी प्रत्येक वेळी एक छोटा उंचवटा. मला वाटलं पंख्याचा आवाज असेल. तो काढून टाकायला निवडला, आवाज वाढवून ऐकला, आणि हात थांबला. तो बाबांचा श्वास होता. आत घेतानाचा. शिट्टी आणि घोरणं यांच्या मधला काहीतरी, "ह्ंऽऽ" असा.

रोज एका घरात राहून मला तो ऐकू आला नव्हता. रोज थोडा थोडा वाढणारा आवाज कानाला सवयीचा होतो. दोन फाइली शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं.

त्या रात्री त्यांच्या उशाशी फोन ठेवून रेकॉर्ड केलं. आवाज श्वास आत घेतानाच येत होता, सोडताना जवळजवळ नाही. इथे पहिली कामाची गोष्ट. दम्याची घरघर साधारणपणे श्वास बाहेर सोडताना जास्त ऐकू येते, कारण अडथळा छातीतल्या बारीक नळ्यांत असतो. श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, तर अडथळा वर, म्हणजे घशात किंवा मोठ्या श्वासनळीच्या तोंडाशी असण्याची शक्यता जास्त. दोन्हीकडे दमच लागतो, म्हणून गल्लत होते.

ते रेकॉर्डिंग घेऊन आम्ही दुसऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हे छातीतलं नाही." नाकातून बारीक दुर्बीण घातली. समोर स्क्रीन. मीही बघत होतो. गुलाबी, ओलसर, स्वच्छ. ना फोड, ना जखम, ना पांढरा डाग. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे "बघ, सांगितलं होतं ना."

डॉक्टर म्हणाले, "ईऽऽ म्हणा." बाबांनी म्हटलं. उजवा स्वरतंतू आत सरकला. डावा जागचा हलला नाही. आणि त्याच्या खाली, मागच्या बाजूला, तीच गुलाबी स्वच्छ त्वचा थोडी पुढे फुगलेली होती. सतरंजीखाली चेंडू सरकवावा तशी. सतरंजीला काहीच झालेलं नाही, जे आहे ते तिच्या खाली आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला रडतो तेच हे. सर्व्हरला विचारलं तर तो ‘सगळं ठीक’ असं उत्तर देतोय, आणि आत डिस्क भरत आलीय.

आता थोडी शरीरशास्त्राची उजळणी करू, म्हणजे पुढचं कळेल. आपलं स्वरयंत्र म्हणजे कूर्चांचा एक सांगाडा आहे. कूर्चा म्हणजे मटणात कुरकुरीत लागतं ते मऊ हाड. आपल्या कानातही असते, पण स्वरयंत्रातली बहुतेक त्याहून कडक असते. पुरुषांच्या गळ्यावर पुढे जो कंठमणी दिसतो, ती थायरॉइड कूर्चा. तिचा थायरॉइड ग्रंथीशी फक्त नावाचा आणि शेजाराचा संबंध. तिच्या खाली एक पूर्ण गोल कडं असतं, त्याला क्रिकॉइड म्हणतात. नावाचा अर्थच अंगठीसारखा. पुढे अरुंद, मागे रुंद, अगदी खड्याच्या अंगठीसारखं. श्वासनळीच्या बाकीच्या कड्या मागच्या बाजूला उघड्या असतात. पूर्ण बंद गोल असलेलं हे एकच कडं. म्हणून श्वासाची वाट उघडी राहण्याचा मोठा भार त्याच्यावर आहे.

आणि ते पूर्ण गोल आहे, म्हणून त्याच्यातून आतल्या बाजूला काही वाढलं तर जागा करून द्यायला ते ताणलं जात नाही. वाट अरुंद होते. इथे इंजिनिअरिंगचं एक गणित लागू पडतं. शांत, सरळ प्रवाहात नळीची त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणून बरेच महिने ‘थोडासा दम’ वाटतो, आणि मग पुढच्या एखाद-दोन मिलिमीटरला माणूस एकदम पायरीवर बसतो.

स्वरतंतू हलत नसेल तर त्याची नस कुठे दबलीय का हे शोधावं लागतं. ही नस मेंदूखालून निघते, छातीत उतरते आणि वळून परत वर घशात येते. डाव्या बाजूची तर हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून येते. म्हणून कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन करतात. आमचाही केला. नस ठीक होती. पण क्रिकॉइडच्या मागच्या डाव्या भागात एक गाठ होती आणि तिच्यात पांढरे पांढरे ठिपके, लाह्या फुटल्यासारखे. रेडिऑलॉजिस्ट लोक याला पॉपकॉर्नसारखं दिसणं म्हणतात. कूर्चेच्या गाठीत कॅल्शियम असं ठिपक्याठिपक्यांनी साठतं, आणि सीटीत ते छान दिसतं. एमआरआयमध्ये गाठ मऊ भागात किती पसरलीय ते जास्त नीट कळतं. दोन्हींचं काम वेगळं आहे, एक केलं म्हणून दुसरं फुकट नाही.

मग बायोप्सी. पहिल्या बायोप्सीचा रिपोर्ट आला : साधी सूज, बाकी काही नाही. आई देवापुढे साखर ठेवून आली. पण डॉक्टर म्हणाले, "चिमट्यात वरची त्वचाच आलीय. गाठ खाली आहे." पुन्हा भूल देऊन खोलवरचा तुकडा काढला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी दोनदा स्कॅन बघितला, कारण इतक्या अरुंद वाटेतून नळी घालायची म्हणजे जोखीमच. दुसऱ्या रिपोर्टवर नाव आलं. कॉन्ड्रोसारकोमा, ग्रेड १.

सारकोमा हा शब्द वाचला आणि मी पार्किंगमध्ये गाडीवर बसून राहिलो. मग इंजिनिअर करतो तेच केलं, वाचत सुटलो. तुमचा वेळ वाचावा म्हणून जे पक्कं कळलं ते सांगतो.

घशाचा कॅन्सर म्हणून आपल्याला जो माहीत आहे, तो बहुतेक वेळा स्वरयंत्राच्या आतल्या अस्तरातून सुरू होतो. विडी, सिगारेट, दारू ही त्याची मोठी कारणं. तो पृष्ठभागावर असतो, म्हणून दुर्बिणीत लवकर दिसतो. हा तो नव्हे. हा कूर्चेतून येतो. स्वरयंत्राच्या सगळ्या गाठींमध्ये याचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. बहुतेक रुग्ण पन्नास ते सत्तरच्या वयातले, पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त. चारातल्या साधारण तीन गाठी क्रिकॉइडमध्येच होतात, तीही मागच्या रुंद भागात. बाबा म्हणजे पुस्तकातलं उदाहरण. फक्त ते पुस्तक फारसं कुणाच्या हाताशी येत नाही. गावातल्या डॉक्टरने अख्ख्या आयुष्यात असा एकही रुग्ण बघितला नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. दम्याचे मात्र तो रोज बघतो. तंबाखूशी या गाठीचा थेट संबंध दिसलेला नाही.

आणि चांगली बातमी. बहुतेक गाठी ग्रेड १ च्या, म्हणजे संथ वाढणाऱ्या असतात. गळ्यातल्या गाठींमध्ये किंवा फुप्फुसात पसरणं क्वचित. पाच वर्षांनंतर दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त रुग्ण या आजारातून जगलेले असतात. कॅन्सर शब्दामागे असा आकडा असू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

अजून एक गुंता आहे. याच कूर्चेची एक निरुपद्रवी गाठही असते, कॉन्ड्रोमा. ती आणि ग्रेड १ चा सारकोमा, दोघं सूक्ष्मदर्शकाखाली सख्ख्या भावांसारखे दिसतात. पेशी किती दाट आहेत, त्यांची केंद्रकं कशी आहेत, एका घरात दोन-दोन पेशी आहेत का, शेजारच्या हाडात घुसल्यात का, असं सगळं बघून पॅथॉलॉजिस्ट ठरवतो. तुकडा छोटा असला की चूक व्हायची शक्यता वाढते. म्हणून अशा दुर्मीळ गाठीची स्लाइड दुसऱ्या अनुभवी डोळ्यांनी बघणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास नव्हे, ती पद्धतच आहे. आमच्याकडे कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही, तसं.

आता सगळ्यात अवघड आठवडा. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं, पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, याच आठवड्यात करून टाकू.

पूर्ण स्वरयंत्र काढणं म्हणजे काय? श्वासनळीचं तोंड गळ्यावर पुढे कायमचं उघडतात. नाकातोंडाचा श्वासाशी संबंध संपतो. स्वतःचा आवाज जातो. आणि आमच्यासारख्या समुद्राकाठच्या माणसाला कळेल असं सांगायचं तर, पोहणं संपलं, कारण गळ्यावरच्या भोकातून पाणी थेट फुप्फुसात. ही शस्त्रक्रिया नवी नाही. कॅन्सरसाठी ती पहिल्यांदा व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ ला केली. तिने तेव्हापासून असंख्य जीव वाचवलेत. त्यानंतर बोलायचे मार्गही आहेत. गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र आहे, अन्ननलिकेतून बोलायला शिकता येतं, आणि श्वासनळी व अन्ननलिका यांच्या मधे एक छोटी झडप बसवतात. बाहेरून येणारी झडप हजारो रुपयांची असते, आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. म्हणून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव आणि त्यांचे मित्र शशांक महेश यांनी साधारण पन्नास रुपयांत बनणारी ‘ऑम’ नावाची झडप तयार केली. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, इंजिनिअरिंग शिकून असंही काही करता येतं.

तेव्हा पूर्ण काढणं म्हणजे सगळं संपलं, असं अजिबात नाही. मोठी गाठ असेल, कड्याचा बराचसा भाग गेला असेल, तर तोच योग्य मार्ग. प्रश्न एवढाच होता की बाबांना तो आत्ता लागतोय का?

आई रडत होती, काका म्हणत होते, "जीव आधी, आवाजाचं काय घेऊन बसलाय." मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "ही गाठ किती जुनी असेल?" ते म्हणाले, "सहज काही वर्षांची." मग मी विचारलं, "श्वासाला आज धोका नसेल, तर दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे चालतील?" ते थोडं थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "चालतील. पण श्वास वाढला तर थांबू नका." हा प्रश्न लिहून ठेवा. काही आजारांत दोन आठवडेही मोलाचे असतात, तिथे घाईच करायची. हा आजार संथ आहे. इथे श्वासाची वाट सुरक्षित असेल, तर विचार करायला वेळ असतो. धोका श्वासाचा आहे, तारखेचा नाही.

टाटा मेमोरियल हॉस्पिटल परळला १९४१ पासून आहे, आणि त्यांचंच ॲक्ट्रेक केंद्र आपल्या रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आम्ही परळला गेलो. जाताना कागदांबरोबर बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक घेऊन गेलो. हे महत्त्वाचं आहे. नुसता रिपोर्ट नेऊ नका, काचा आणि ब्लॉक मागून घ्या, आणि स्कॅनची सीडीही. रिपोर्ट म्हणजे कुणीतरी बघून लिहिलेलं मत. दुसऱ्याला स्वतः बघायचं तर मूळ वस्तू लागते.

काचा पुन्हा तपासल्या, ग्रेड १ कायम राहिला. सर्जन, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट अशा सगळ्यांनी मिळून स्कॅन बघितला. हिशोब असा होता : गाठीने कड्याचा निम्म्याहून कमी भाग व्यापला होता. साधारणपणे निम्म्याहून जास्त कडं काढावं लागलं तर उरलेलं उभं राहत नाही, वाट मिटते. बाबांच्या बाबतीत गाठ तेवढ्या भागासकट काढून बाकीचं कडं ठेवता येईल, असं ठरलं. रेडिएशन, केमो? आम्ही विचारलं. या गाठीवर त्यांचा उपयोग मर्यादित. रेडिएशनचा विचार शस्त्रक्रिया शक्य नसेल किंवा गाठ जास्त आक्रमक असेल तेव्हा. मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गळ्यातल्या गाठी सरसकट काढायचीही गरज नसते, कारण ही तिकडे फारशी जात नाही.

बाबांनी सर्जनना एकच विचारलं, "साहेब, गाडी चालवता येईल ना?"

मग संमतीचा कागद आला. त्यात एक ओळ होती : आत गेल्यावर गाठ अपेक्षेपेक्षा मोठी निघाली, तर पूर्ण स्वरयंत्र काढण्यास संमती आहे. बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, "बाबा, सही तुमची लागते." त्यांनी चष्मा लावला, ती ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे सकाळी तुझ्याशी बोलून जायचं, ते पुरेसं बोलून जायचं." आणि सही केली.

जुलै २०२४. पावसाळा. मांडव्याच्या साध्या लाँच बंद, म्हणून रो-रोने भाऊच्या धक्क्याला उतरून परळ गाठलं. आधी फक्त मान बधिर करून, बाबा जागे असतानाच, श्वासासाठी गळ्यावर भोक पाडलं, म्हणजे पुढे भुलीत वाटेची चिंता नको. मग मुख्य शस्त्रक्रिया. संध्याकाळी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, "कडं राहिलंय." दोन शब्द. आईला ते कळले नाहीत. मी ज्या पद्धतीने भिंतीला टेकलो त्यावरून तिला कळलं.

पुढचे पाच आठवडे गळ्यात नळी, बोलणं बंद. आमच्या बाबांना व्हॉट्सॲपवर टाइप करता येत नाही, ते कायम बोलून मेसेज पाठवायचे. आता काय? मग पाटी आली. त्यांनी पाटीवर लिहिलेलं पहिलं वाक्य, "चहा." पण चहा लगेच नव्हता. सुरुवातीला पाणीसुद्धा चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागतो. हनुवटी कशी ठेवायची, घोट केवढा घ्यायचा, हे सगळं गिळण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या थेरपिस्टकडून शिकावं लागलं. घट्ट पेज आधी, पाणी शेवटी. उलटं वाटतं, पण पातळ पदार्थ सांभाळणं जास्त अवघड असतं.

आज नळी निघालीय. भोक बुजलंय. कनकेश्वर या वर्षी त्यांनी दोनदा बसून चढला. आवाज आलाय, पण तो जुना नाही. खालच्या पट्टीतला, खरखरीत, आणि संध्याकाळपर्यंत दमणारा. भजनात आता ते टाळ धरतात, चाल दुसरा कुणीतरी धरतो. हे सोपं नव्हतं, अजूनही नाही.

आणि हा आजार ‘सुटलो’ म्हणायचा नाही. ही गाठ दहा वर्षांनीही परत येऊ शकते. म्हणून ठरावीक काळाने दुर्बीण, स्कॅन आणि अधूनमधून छातीची तपासणी, ही आता आमच्या कॅलेंडरवर गणपतीसारखीच कायमची. परत आली तर पुन्हा काढता येते, आणि पुढे कधीतरी पूर्ण काढायची वेळ आली तर तीही पर्वा नाही. तोपर्यंतची वर्षं तर आपली.

पैशाचंही बोलू. माझ्या कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समध्ये आई-बाबा होते, म्हणून आम्ही निभावलो. पहिल्या नोकरीत तो फॉर्म भरताना ‘पालक जोडा’ याकडे दुर्लक्ष करू नका. ज्यांना ते नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. ठरलेल्या उपचारांच्या यादीतच मदत मिळते, म्हणून योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आता शेवटचं, स्क्रीनशॉट काढायचं.

एक. तीन-चार आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल, तर गोळ्या बदलत बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या. तंबाखू खात नसाल तरीही.

दोन. दुर्बिणीत साफ दिसलं पण त्रास वाढतोय, तर विचारा : "दोन्ही स्वरतंतू हलतात का? स्कॅनची गरज आहे का?"

तीन. दम्याच्या पंपाने फरक पडत नसेल आणि श्वास आत घेताना आवाज येत असेल, तर फोनवर रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर रेकॉर्ड करत बसू नका, १०८ ला फोन करा.

चार. स्कॅनमध्ये गाठ आहे आणि बायोप्सी ‘नॉर्मल’ आली, तर विचारा : "तुकडा गाठीतून आलाय की वरच्या त्वचेतून?"

पाच. दुर्मीळ गाठ असेल तर काचा आणि ब्लॉक घेऊन दुसरं मत घ्या. त्याआधी डॉक्टरांना विचारा, "तेवढा वेळ आहे का?"

जाता जाता एक. बाबा परत स्टँडवर जायला लागले तेव्हा मी हुशारी केली. २०२१ च्या रेकॉर्डिंगमधली ती हाक कापली, साफ केली आणि एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर घालून गाडीत लावून दिली. "चौल, रेवदंडा, रेवदंडाऽऽ." पूर्वीचाच खणखणीत आवाज. मला वाटलं, काय भारी काम केलं.

दोन दिवसांनी स्पीकर घरी परत आला. म्हटलं, "बिघडला का?" बाबा म्हणाले, "नाही रे. लोक आवाज ऐकून येतात आणि मी बोललो की दचकतात. चार-चारदा सगळं सांगत बसावं लागतं."

"मग आता हाक कशी मारता?"

त्यांनी मिनिडोरच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थाप मारून दाखवली. आता स्टँडवर तेच चालतं. थाप ऐकली की पिशव्यावाल्या बायका लांबूनच हात करतात.

मंडळी, हा भाग त्या एका माणसाला पाठवा, जो कधीपासून "उतरेल रे" म्हणतोय. नेहमीप्रमाणे तुमचे अनुभव कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.